‘शंभर टक्के डांबर’ आणि केळघर घाटातली साइडपट्टी

कार रॅलीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘शंभर टक्के डांबरी मार्ग, घरची गाडी चालेल’. गाडी घरचीच नेली, एमएच ११ ची जुनी स्विफ्ट. डांबरही होतं, नाही असं नाही. पण ते कडेला कुठं आणि कसं संपतं हे पत्रकात कोण छापतंय? आमचा अख्खा दुसरा दिवस आणि ६,८०० रुपये त्या कडेवर गेले. आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, मनगट ठणकतंय, तेव्हा जरा तिखट लिहिलं गेलं तर चालवून घ्या.

रॅली तीन दिवसांची, टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) प्रकारातली. म्हणजे शर्यत नव्हे. आयोजक सरासरी वेग देतात आणि सेकंदाला सेकंद धरून तेवढ्याच वेगानं जायचं. मार्शल कुठं लपून वेळ टिपतोय ते कळत नाही. आमच्या नियमात लवकर पोचलं तर सेकंदाला २ गुण दंड, उशिराला १. आपण सातारकर, रस्ते पाठ, हा माज पहिल्या दिवशी सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत टिकला. रस्ता पाठ असणं हाच तोटा आहे, पाय आपोआप रोजच्या वेगावर जातो. ठोसेघरच्या अलीकडं मेव्हणा मांडीवर रोडबुक, म्हणजे आयोजकांची मार्गाची वही, घेऊन ओरडतोय, “दाजी, बावीस सेकंद पुढं आहोत, पाय काढा!” दाजी पाय काढेपर्यंत वळणामागं मार्शल. ४४ गुण गेले.

नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून मार्ग आणि वेळ सांगणारा, नवखा असेल तर त्याला आधी एकच गोष्ट शिकवा. सुरुवातीला मीटर पडताळायचा टप्पा असतो, तिथं गप्पा मारू नका. रोडबुकातले १० किलोमीटर आमच्या मीटरवर १०.३ भरले. किरकोळ वाटतं ना? साठ किलोमीटरला तोच फरक पावणेदोन किलोमीटरचा होतो आणि ताशी ३६ च्या सरासरीला जवळपास तीन मिनिटं चुकतात. ३६ ला एका किलोमीटरला १०० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०. हा पाढा कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मोबाइलचं ॲप घाटात रेंज गेल्यावर काय करेल याचा भरवसा नाही.

आता केळघर.

मेढा सोडलं, केळघर मागं पडलं की महाबळेश्वरची चढण लागते. सरासरी दिलेली ३६. नागमोडी वळणांवर गाडी वीसनं निघते, म्हणजे उरलेल्या सरळ तुकड्यांत कसर भरून काढायची. तिथंच घात होतो. डांबराचा नवा थर टाकलेला, चकचकीत, पण साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेचा मुरमाचा पट्टा, भरलेलीच नव्हती. कडेला सरळ वीतभर पायरी. समोरून एसटी उतरत आली. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असा नियम आहे हो, पण घाटात एसटी हाच नियम. डावी चाकं खाली घेतली, एसटी गेली, आणि सेकंद वाचवायच्या नादात मी तिरकं वर ओढलं. पुढच्या डाव्या टायरची बाजू त्या कडेनं चिरली. बाजू फाटली की पंक्चर निघत नाही, टायर फेकायचाच.

स्टेपनी काढली तर तिच्यात हवा निम्मी. जॅक मुरमात रुतायला लागला. मेव्हण्यानं कुठून तरी एक चपटा दगड शोधून आणला, तेव्हा कुठं चाक निघालं. सगळं मिळून ३४ मिनिटं गेली. त्या टप्प्याला कमाल दंड.

चाक खाली गेलं तर उचलायची घाई करू नका. वेग मरू द्या, कड उथळ असेल तिथं हळू वर या. पाच सेकंद जातील, जाऊ द्या. जॅकखाली घालायला फूटभर लांबीची जाड फळी आणि हवेचा छोटा पंप नसेल तर या घाटात रॅलीला येऊच नका. पत्रकवाल्यांनी हे सांगायला हवं होतं. मी विचारलं तर म्हणाले, “डांबरच आहे की!”

रडतखडत वर पोचलो. तिथल्या दुकानदारानं गाडीवरचे स्टिकर बघूनच भाव काढला असणार. १६५/८० आर १४ चा साधा टायर, ६,८००. साताऱ्यात याला बरेच कमी पडतात. पैसे दिले, कारण दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळी टायरवरचा कोड वाचला. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल, २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. आमचा टायर तीन वर्षं दुकानात पडून होता! पैसे द्यायच्या आधी खाली बसून ते आकडे वाचा, दुकानदार काय म्हणतो ते नंतर ऐका.

त्याच दुपारी पसरणी घाट वाईला उतरलो तो दुसऱ्या गिअरवर. पुढच्या एका टीमचं ब्रेकचं पेडल तळाला टेकलं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ ला उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल असं तळाला जातं. रॅलीआधी बदला, पाच-सहाशेत काम होतं.

आणि विमा. तपासणीला नुसती तारीख बघतात. पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ वाचा: शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची कसोटी) यांना साधी पॉलिसी लागू नसते. वेगळं कलम आधी वाढवून घ्यावं लागतं. मी घेतलं नव्हतं, हे बायकोला अजून माहीत नाही.

तिसरा दिवस कराड, पाटण, कोयनानगर. मस्त झाला. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, तेवढं सांभाळा.

२६ गाड्यांत सतरावे आलो. केळघर वगळला तर नववे, हे मेव्हण्यानं जेवताना तीनदा मांडून दाखवलं. उद्या सकाळी आधी सुताराकडं, फळी कापून आणायला.