लोणच्याची फोड

परवा रविवारी, १८ मेला, आमच्या श्रीलंकन तमिळ अक्काबरोबर मुल्लिवायक्कालच्या स्मरणसभेला गेले होते, तिथल्या युद्धात गेलेल्या माणसांच्या. तेव्हापासून एकच वाक्य डोक्यातून जात नाहीये आणि ते माझंच आहे.

दिवे लावून झाले, सगळे गप्प उभे राहिलो. हातात आपापल्या माणसांचे फोटो, कुणाकुणाच्या एकाच फ्रेममधे चार चार चेहरे. मग करवंटीतून कंजी दिली. तांदूळ, पाणी, मीठ, बास. आमच्या मालवणची पेजच की! पहिला घोट घेतला आणि आजीची चूल आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "अक्का, ह्याच्याबरोबर लोणच्याची फोड हवी होती."

"ह्यात काही घालायचं नसतं," ती म्हणाली. रागावून नाही. कढीपत्त्याची कुंडी थंडीत कुठे ठेवायची ते सांगते ना, त्याच आवाजात.

मला माहीत नव्हतं असंही नाही. २००९ ला, श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटी, मुल्लिवायक्कालच्या त्या चिंचोळ्या किनाऱ्यावर तमिळ लोक कोंडले गेले तेव्हा शेवटी पोटात जायला एवढंच उरलं होतं, आणि खाण्यासाठी लावलेल्या रांगांवरही तोफगोळे पडले. यूएनच्या समितीने नंतर लिहिलं की शेवटच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत साधी माणसं गेली असू शकतात. त्यातला एक अक्काच्या हातातल्या फोटोत. हे सगळं माहीत असून मी लोणचं मागितलं.

त्याच मे महिन्यात, मदर्स डेच्या दिवशी, हे थांबवा म्हणत इथले तमिळ लोक बायकापोरांसकट गार्डिनर हायवेवर जाऊन बसले होते. मी तेव्हा नवीन होते टोरांटोत, ट्रॅफिकमधे अडकलेले, आणि गाडीत बसून काय काय बोलले होते... जाऊ दे.

रात्री झोप नाही. आधी स्वतःचीच कीव आली, की मला तरी इथे कोण आहे, पेज बघून आजी आठवली तर काय बिघडलं, तिच्या शेवटाला मला जाताही आलं नाही. पण आजी नव्वदीत गेली, स्वतःच्या खाटेवर, उशाशी चार माणसं, तोंडात पाणी घालायला मामी. हे आठवलं आणि पुढे रडताच येईना.

चुकलं. आता ते वाक्य काही परत घेता येत नाही, ते राहणार माझ्याजवळ.

आज सकाळी अक्का डबा परत द्यायला आली, आत शेवग्याचा पाला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर ये गं, पातेलं मोठं असतं, ढवळून माझे खांदे भरून येतात."

येते म्हटलं.

जाता जाता दारातून वळली. मीठ मात्र मीच घालणार, म्हणाली.