रानकुत्र्यांसाठी गावातल्या कुत्र्यांना लस

सातपुड्याच्या पायथ्याला रावेर-यावलकडच्या पाड्यांवर मी दर हिवाळ्यात कुत्र्यांना लस टोचायला जातो, तेव्हा कोणीतरी हटकून विचारतेच, ‘‘डॉक्टरसाहेब, वाचवायचे रानकुत्रे म्हणता, मग सुया गावातल्या कुत्र्यांना का?’’ परवा पालला एसटीची वाट पाहताना तुम्हीही हेच विचारलेत आणि तेवढ्यात गाडी आली. उत्तर अर्धवट राहिले, म्हणून हे लिहितो.

गावातली कुत्री जंगलात गेली की त्यांचेच रानकुत्रे होतात, असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. रानकुत्रा, म्हणजे आपला कोळसुंदा, हा वेगळाच प्राणी आहे. अंग तांबूस, शेपटी झुपकेदार आणि काळसर, खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना गावातल्या कुत्र्यापेक्षा एकेक दाढ कमी, आणि पांगलेल्या सोबत्यांना बोलवायचे तर तो चक्क शीळ घालतो. कुळ असे वेगळे असले तरी रोग मात्र दोघांचे तेच आहेत: डिस्टेंपर (डोळे-नाक वाहून पुढे झटके आणणारा विषाणूचा रोग), पार्व्हो (रक्ताची हगवण लावणारा विषाणूचा रोग), रेबीज, खरूज.

हे रोग कळपात कसे शिरतात ते पाहिले की माझ्या कामाचे कारण कळते. रानकुत्रे कळपाने राहतात, आणि पिल्ले एका मादीची असली तरी त्यांना वाढवतो सारा कळप. शिकार करून आलेले मोठे कुत्रे खाल्लेले मांस ओकून पिल्लांना भरवतात, एखादा राखणीसाठी गुहेपाशी थांबतो, आणि पिल्ले चालती झाली की शिकारीवर पहिला घास त्यांनाच मिळतो. मी आजवर पाहिलेल्या प्राण्यांत इतकी माया थोड्यांच्यात पाहिली आहे. पण तोंडाला तोंड लावून भरवण्याच्या या रीतीमुळेच एकाला झालेला डिस्टेंपर साऱ्या कळपाला व्हायला वेळ लागत नाही. शिवाय कोळसुंदे जंगलातल्या वाटांच्या तिठ्यावर ठरलेल्या जागी विष्ठा टाकतात. गुराख्यामागून जंगलात गेलेले पाड्यावरचे कुत्रे त्याच वाटेने जाते, तिथेच हुंगते, तिथेच घाण करते, आणि पार्व्होचा विषाणू अशा जागी महिनोन्महिने टिकून राहतो.

डिस्टेंपर झालेली एक कुत्री मला एका पाड्यावर गोठ्याच्या कोपऱ्यात सापडली होती. डोळे चिपडांनी चिकटलेले, पायांचे तळवे खापरासारखे कडक झालेले, आणि दर थोड्या वेळाने काहीतरी चघळावे तसा जबडा हलून तोंडाला फेस येत होता. आठच दिवसांपूर्वी ती शेळ्यांबरोबर डोंगरात फिरत होती, असे घरच्या आजींनी सांगितले. हा विषाणू कुत्र्यांपुरता थांबतही नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले, आणि २०१८ मध्ये गीरमध्ये मेलेल्या सिंहांपैकी काहींमध्येही तो सापडला.

हिवाळाच का, हेही तुम्ही विचारले होते. भादव्यात माजावर आलेल्या गावातल्या कुत्र्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात, आणि रानकुत्र्यांची पिल्लेही साधारण हिवाळ्यातच जन्मतात. गावातल्या पिल्लांची आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, नेमकी तेव्हाच डोंगरातल्या गुहांत कोवळी पिल्ले असतात. दुसरे कारण उन्हाचे आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पहिल्या वर्षी मी चैत्रात निघालो, पाड्यावर पोहोचेपर्यंत थर्मासमधल्या बर्फाचे पाणी झाले आणि सगळ्या कुप्या मला फेकून द्याव्या लागल्या.

मेळघाटात रानकुत्र्यांचे कळप आहेत, आणि तिथून अंबाबरवा, वढोदा असे तुटत-जोडत जंगल पश्चिमेला यावलच्या अभयारण्यापर्यंत येते. आपल्या बाजूचे पाडे त्या वाटेवर आहेत. नुसत्या लसीने सारे भागेल असे मी म्हणत नाही, कारण सांबर-चितळ उरले नाहीत तर निरोगी कळपही उपाशीच मरेल. पण इंग्रजांच्या काळापासून १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत ज्याला मारण्यासाठी सरकार बक्षीस देत होते, आणि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनानुसार साऱ्या जगात ज्याची वीण करू शकणारी फार तर सव्वादोन हजार प्रौढ जनावरे उरली आहेत, त्याचा एकेक कळप मोलाचा आहे. वाघासाठी पर्यटक येतात, पैसा येतो. कोळसुंद्यासाठी कोणी येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमची कुत्री व्यायला झाली आहे, असे तुम्ही गाडीत चढता चढता म्हणालात. पिल्ले सहा-आठ आठवड्यांची झाली की मला निरोप द्या. पहिल्या सुईनंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचावे लागते, तेव्हा तोवर ती कोणाला देऊन टाकू नका, आणि दिलीच तर घर कोणते ते लिहून ठेवा. बर्फ मी घेऊन येईन. पिल्ले धरायला एक माणूस आणि एक रिकामे पोते तेवढे तयार ठेवा.