सिंगराजाची ताडपत्रं (आणि शुक्रवारी का जाऊ नये)

बालीहून आल्यावर सगळे समुद्राचे फोटो मागतात. माझ्या फोनमधून निघतात ते लाकडी पेट्यांचे.

आम्ही दोघं उबुदला राहिलो होतो. तिथून बेदुगुलचा घाट ओलांडून उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाला उतरायला गाडीने अडीच तास लागतात. जुन्या राजवाड्याला लागून, जालान वेतेरान रस्त्यावर गेडोंग किर्त्या आहे. ही लोंतारांची, म्हणजे ताडपत्रावरच्या पोथ्यांची लायब्ररी. १९२८ साली डच राजवटीत ती उभी राहिली. तिच्या मूळ नावात लीफ्रिंक आणि वान डेर टूक ही दोन डच नावं होती. यातले वान डेर टूक भाषापंडित. त्यांनी बालीतच मुक्काम ठोकून कवी आणि बाली भाषांचा शब्दकोश रचला. 'कवी' म्हणजे इथे जुनी जावानीज भाषा, हे आधी डोक्यात पक्कं करून जा, नाहीतर संभाषणात गोंधळ उडतो.

पहिल्या खेपेला आपटलो. बेदुगुलला स्ट्रॉबेऱ्या खात वेळ काढला आणि पोचलो शुक्रवारी दीडला. दार बंद. शुक्रवारी सरकारी कचेऱ्या लवकर सुटतात, शनिवार-रविवार सुट्टी; आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. मग जवळच्या लोविनाला तीन रात्री काढल्या आणि सोमवारी सकाळी नऊला परत हजर. तुम्ही सरळ सोमवार ते गुरुवार धरा आणि जेवणाच्या आधी पोचा.

आत भपका काहीच नाही. कपाटांत लांबट पेट्या, त्यांना म्हणतात केरोपाक, आणि प्रत्येकीवर क्रमांक. पोथ्यांची विभागणी वेद, आगम, वारिग, इतिहास, बाबाद, तंत्री आणि लेलाम्पाहान अशी. वारिग म्हणजे पंचांग-मुहूर्त, बाबाद म्हणजे थेट आपली बखर. लेलाम्पाहानात नाट्यप्रयोगांची कथानकं येतात. तंत्री म्हणजे पंचतंत्राच्या कुळातल्या गोष्टी, हे कळल्यावर बायको त्या कपाटापुढून हलेना.

तिथल्या एका पाकनी (वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईंना 'बू', नुसतं नावाने हाक मारू नका) लिहून दाखवलं. पान डाव्या हातात आडवं. उजव्या हातात पेंग्रुपाक नावाची टोकदार सुरी, आणि तिला मागून रेटा डाव्या अंगठ्याचा. अक्षर कोरलं जातं खरं, पण दिसत काहीच नाही. मग केमिरी नावाचं तेलकट बी जाळून केलेली काजळी पानावर चोळली, फडक्याने पुसली आणि चार ओळी एकदम वर आल्या. माझ्या हाती पान दिलं तर माझं पहिलंच अक्षर आरपार गेलं. ते हसले आणि दुसरं पान काढलं.

मी विचारलं, हे टिकतं किती? दमट हवा आणि किडे, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षं टिकलं तरी खूप, म्हणाले. म्हणून नक्कल करत राहायची. लायब्ररीचा पुष्कळसा संग्रह असाच जमलाय: घराघरांतून पोथी उसनी आणायची, नवी प्रत उतरवायची, मूळ पोथी परत करायची. वर रोमन लिपीत टंकलिखित प्रतीही केल्या. आमच्या गावच्या घरी पोथ्या बासनात बांधून माळ्यावर 'जपल्या' होत्या, त्यातल्या निम्म्या वाळवीने वाचल्या. १३६५ साली जावातल्या माजापाहित राज्याच्या दरबारी रचलेलं नागरकृतागम हे काव्यसुद्धा असंच तगलं. मूळ जावाचं, पण १८९४ मध्ये डच सैन्याने शेजारच्या लोंबोक बेटावरचा राजवाडा लुटला तेव्हा ब्रांडेस नावाच्या अभ्यासकाच्या हाती तिथली प्रत लागली.

आणि प्रत उतरवून काम संपत नाही. मबेबासानची बैठक बघायला मिळाली तर सोडू नका. एकजण काकाविनातली, म्हणजे कवी भाषेतल्या काव्यातली ओळ गाऊन म्हणतो, दुसरा तिचा बालीत अर्थ सांगतो, अडलं तर बाकीचे टोकतात. पोथी सांगणारे आमचे गुरुजी आठवले, फक्त इथे पुराणिकाला श्रोते बिनदिक्कत अडवतात. देवळातल्या उत्सवांत अशा बैठका होतात. मुक्कामाच्या घरी विचारा, तेच सांगतात. सारोंग आणि कमरेला पट्टा हवाच.

१९२८ सालातलीच आणखी एक गोष्ट. ओडेऑन आणि बेका या जर्मन कंपन्यांनी त्या वर्षी बालीतल्या गामेलान वाद्यमेळांचं आणि गायनाचं ध्वनिमुद्रण केलं. तबकड्या खपल्याच नाहीत, बऱ्याच फुटून गेल्या. कॉलिन मॅकफी या संगीतकाराने घेतलेल्या आणि जगभरच्या संग्रहांत उरलेल्या तबकड्या शोधून एडवर्ड हर्बस्ट यांनी त्या पुन्हा बालीत आणल्या. जायच्या आधी ऐका, मग उबुदचा पर्यटकांसाठीचा कार्यक्रम वेगळाच ऐकू येतो.

बाकी कामाचं. भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांचा आगमनानंतरचा व्हिसा ५ लाख रुपियाला मिळतो, शिवाय बालीचा पर्यटक कर १ लाख ५० हजार रुपिया. दोन्ही ऑनलाइन भरून जा. बऱ्याच लोंतारांची छायाचित्रं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, तिथून हव्या त्या पोथीचं नाव टिपून न्या. नुसतं 'रामायण दाखवा' म्हटलं तर कुठलं, असं विचारतात. पोथी उघडायची ती त्यांनीच. फ्लॅश बंद. शाकाहारी असाल तर 'तानपा तेरासी' (तेरासीशिवाय) हे दोन शब्द पाठ करा, तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा आणि तो सांबालात, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, हमखास असतो.

न्येपीची तारीख बघूनच तिकीट काढा. तेही शकाचंच नववर्ष. २०२३ मध्ये नेमकं गुढीपाडव्याला आलं होतं, कधी महिनाभर मागेपुढे होतं. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो आणि हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. दर २१० दिवसांनी येणाऱ्या सरस्वतीच्या दिवशी पोथ्यांची पूजा होते, आणि आपल्या पाटीपूजनासारखंच तेव्हा वाचन-लेखन बंद.

ते दुसरं पान मला दिलं त्यांनी. त्यावर माझं नाव आहे म्हणतात. काजळी नीट पुसली नव्हती. मुंबईत उतरलो तेव्हाही पासपोर्टवर अंगठ्याचा काळा ठसा होता.