सुरू होते, पण धरत नाही

माझं वाईत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी, मिक्सर, कधी गिरणीची मोटर. गाड्यांचा मी मिस्त्री नव्हे. तरी नात्यात कुणाची गाडी अडली की फोन मलाच येतो, कारण माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि मी पैसे घेत नाही.

डिसेंबरात पाचगणीहून साडूंचा फोन आला. गाडी जुनी, छोटी, पेट्रोलची. वर बाहेरून बसवलेलं सीएनजीचं किट. सकाळी एका सेलमध्ये सुरू व्हायची, थोडा वेळ चालायची आणि बंद पडायची. जरा थांबलं की परत सुरू, परत बंद. एकदा तग धरून गॅसवर गेली की मग दिवसभर तक्रार नाही. तिथल्या गॅरेजात प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ झाली, स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. आता मिस्त्री म्हणत होता, टाकीतला पेट्रोलचा पंप नवा टाका.

मी फोनवरच विचारलं, "बंद कशी पडते? बटण दाबून दिवा मालवल्यासारखी, की आचके देत?"

"अहो, बंद पडते म्हणजे पडते. कशी काय?"

माझ्या मते सगळं निदान या 'कशी'मध्येच असतं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. सुरू होऊन दोनेक सेकंदांत झटकन बंद आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय, तर इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, चावी ओळखू आलेली नाही. तिथे पेट्रोलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चावी सेलवरून सोडताक्षणी बंद, तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट तपासा. पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांत ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलच्या वाटेवर रेझिस्टर असायचा. सेल मारताना त्याला वगळून वीज थेट कॉइलला जायची, म्हणून रेझिस्टर तुटला तरी गाडी सुरू व्हायची आणि चावी सोडली की मरायची. रेस धरून ठेवली की चालते आणि पाय काढला की बंद, मग हवेकडे बघा: थ्रॉटलमधला कार्बन, आयडलचा (पाय काढल्यावर हवा देणारा) व्हॉल्व्ह, कुठेतरी निसटलेला व्हॅक्यूमचा पाइप. आणि रेस देऊनही आचके देत मरते, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय.

साडूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी कान देऊन ऐकलं. आचके देत. रेस दिली तर उलट लवकर.

रविवारी पसरणीचा घाट चढून गेलो. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, त्यात डिसेंबरची सकाळ, काचेवर दव. गार इंजिनावर बघायचं होतं म्हणून रात्रभर गाडीला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

दोन इंधनांच्या गाडीचा एक मोठा फायदा कुणी वापरत नाही. इंजिन एकच, प्लग तेच, हवा तीच, बहुतेक सेन्सरही तेच. बदलतं फक्त इंधन. बऱ्याच सिक्वेन्शियल (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या) किटांत बदलीचं बटण दाबून धरून थेट गॅसवर सुरू करायची अडचणीपुरती सोय असते. तसं केलं. गाडी सुरू झाली आणि निवांत चालत राहिली. म्हणजे स्पार्क, थ्रॉटल, इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर सगळे निर्दोष सुटले. प्लगचे पैसे वाया गेले हेही तिथेच कळलं, पण ते मी बोललो नाही.

(साडू म्हणाले, मग रोज गॅसवरच सुरू करतो. तसं करू नये. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या आसपास भरलेला असतो आणि रेग्युलेटर तो दोन-अडीच बारवर आणतो. दाब उतरताना गॅस थंड पडतो, म्हणून रेग्युलेटरला इंजिनच्या कूलंटची ऊब दिलेली असते. कूलंटच गार असेल तर रेग्युलेटर गोठतो. पेट्रोलवर सुरू करून ऊब आली की गॅसवर जायचं, ते याचसाठी.)

उरली पेट्रोलची बाजू. इंजिन बंद करून गाडी परत पेट्रोलवर घेतली. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते. आली, पण मरगळलेली. मोटरींच्या आवाजात माझी हयात गेली आहे. ही बुश झिजल्याची घरघर नव्हती, व्होल्टेज कमी पडल्याची होती.

मागची सीट उचलली. टाकीच्या वर ठिणगी नको म्हणून आधी दारं उघडून वास घेतला, मग पंपाच्या कनेक्टरमागून मीटरच्या सुया लावल्या आणि साडूंना सेल मारायला सांगितलं. बॅटरीवर १४ व्होल्ट. पंपापाशी जेमतेम ११. आणि बघता बघता ९, मग ७. तिथे इंजिनाने आचके दिले आणि संपलं. अर्थिंगची बाजू तपासली, ती ठणठणीत. म्हणजे येणाऱ्या तारेत कुठेतरी तीनापासून सातपर्यंत व्होल्ट गळत होते.

तार मागे मागे शोधत गेलो तर ती फ्यूज बॉक्समधून सरळ येतच नव्हती. किट बसवणाऱ्याने मध्ये तोडून एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घातला होता, गॅसवर गेल्यावर पेट्रोलचा पंप बंद करायला. कल्पना ठीक. पण जॉइंट पीळ मारून वर नुसती टेप. टेप सोलली तर तांबं हिरवं पडलेलं आणि जॉइंट बोट ठेववेना इतका गरम. पंप चार अँपिअर घेतो असं धरलं आणि वाटेत पाच व्होल्ट पडले, तर नखाएवढ्या जागेत २० वॉट उष्णता. तापला की अडथळा आणखी वाढतो, पंप आणखी मंदावतो. थांबलात की जॉइंट निवतो आणि गाडी परत सुरू. स्कॅनर गप्प होता त्यात नवल नाही. या गाडीत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नाही, त्याला सांगणार कोण?

डिसेंबरातच का, हा प्रश्न साडूंनी चांगला विचारला. किट साधारण ४० अंशांच्या आसपास गॅसवर जातं. उन्हाळ्यात तेवढं तापायला कितीसा वेळ लागतो? जॉइंट तापून हात टेकायच्या आत गाडी गॅसवर गेलेली असायची. थंडीत तेच अंतर लांबलं आणि दोष उघडा पडला. तो किती वर्षं तिथे मुरत होता कोण जाणे.

तारेची सडकी टोकं कापली, नवा तुकडा घातला, डाग दिला, वर स्लीव्ह. रिलेही नवा. पंपापाशी १३.६ आले आणि घूं नेहमीसारखी झाली.

पंपाला मात्र मी पूर्ण क्लीन चिट दिलेली नाही. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आणि गॅसवाली माणसं टाकीत रिझर्व्हच्या वर कधी जात नाहीत. साडूंचा पिवळा दिवा मी आलो तेव्हाही लागलेलाच होता. परतताना त्यांना आधी पेट्रोल पंपावर नेलं आणि पाव टाकी भरायला लावली. कुरकुरले, पण भरली. किटाच्या वायरिंगमध्ये असेच टेपवाले जॉइंट अजून बरेच आहेत, इंजेक्टरांच्या तारांवरसुद्धा. तिकडे सावकाश बसावं लागेल.