तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराचा कॅन्सर बरा होतो, मग माणसाचा का नाही?

मी उंदरांवर कॅन्सरची औषधं तपासते हे कळलं, की हा प्रश्न येतोच. घरात कोणी आजारी असलेले लोक तो फार हळू आवाजात विचारतात. म्हणून नीट सांगते.

उंदराची गाठ आम्हीच दिलेली असते. कातडीखाली पेशी टोचल्या, की आठ-दहा दिवसांत वाटाण्याएवढी गाठ बोटाला लागते. मग दर दोन-तीन दिवसांनी कॅलिपरने लांबी-रुंदी मोजायची. माणसाच्या शरीरात तीच गोष्ट वर्षानुवर्षं चालते. तेवढ्या काळात गाठीतल्या पेशी बदलत जातात, प्रतिकारशक्तीला चुकवायला शिकतात.

शिवाय उंदीर कुठला, यावर फार अवलंबून असतं. माणसाची गाठ वाढवायची तर प्रतिकारशक्ती लुळी असलेला उंदीर लागतो, नाहीतर तो परक्या पेशी टिकूच देत नाही. 'न्यूड' उंदरात थायमस ग्रंथी नीट घडलेली नसते, त्यामुळे त्याच्याकडे टी पेशी, म्हणजे परक्या किंवा बिघडलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, जवळपास नसतात. केमोथेरपी तपासायला तो चालतो. पण टी पेशींना जागं करणारं औषध त्याला देऊन काय कळणार? तिथे धडधाकट उंदीर आणि उंदराचीच गाठ हवी.

प्रतिकारशक्तीचे अभ्यासक जेम्स ॲलिसन यांच्या गटाने १९९६ साली अशाच उंदरांत दाखवलं, की सीटीएलए-४ हा टी पेशींचा ब्रेक अँटीबॉडीने अडवला तर गाठी विरतात. पुढे बी१६ या उंदराच्या मेलेनोमावर (त्वचेच्या एका कॅन्सरवर) ती अँटीबॉडी एकटी फारशी चालली नाही. आणि २०११ मध्ये अमेरिकेत याच तत्त्वावरचं इपिलिमुमॅब हे औषध मंजूर झालं ते माणसाच्या मेलेनोमासाठीच! उंदीर खोटी आशा दाखवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो खोटी निराशाही दाखवू शकतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो पुढचा प्रयोग. बऱ्या झालेल्या उंदराला त्याच पेशी पुन्हा टोचायच्या. शेजारच्या नव्या उंदराला गाठ येते, याला येत नाही. टी पेशींनी ओळख जपून ठेवलेली असते.

तेव्हा 'उंदरांत कॅन्सर नाहीसा' असं वाचलंत, तर औषध कधी सुरू केलं तेही बघा. पेशी टोचल्या त्याच दिवशी, की गाठ हाताला लागल्यावर? तुमच्या माणसाला औषध मिळतं तेव्हा गाठ तिथे असतेच.