सेल नवा, तरी दार उघडेना

गाडीच्या रिमोटचं काम पावसात मागं पडलं होतं, ते परवा पुन्हा हातात घेतलं. लक्षण तेच. लॉक अंगणाच्या टोकावरनं होतं, अनलॉक मात्र बटण तिरकं दाबलं तरच, तेही मनात आलं तर. जो तो सांगतो, सेल बदल. पण दोन्ही बटणांना सेल एकच, ट्रान्समीटर एकच आणि गाडीतला रिसीव्हरही एकच. लॉक लांबनं होतंय म्हटल्यावर तिघंही सुटले. आतल्या स्विचनं चारही दारं उघडतात, म्हणजे दारातल्या मोटरीही ठीक. 'गाडी सुरू होते ना, मग रिमोट बरोबर आहे' हे गॅरेजवाल्याचं म्हणणं तर सोडूनच द्या. इमोबिलायझरची, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप वेगळी असते; तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलवरच ती जागी होते.

खात्रीसाठी लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणारं) लावून रिमोटच्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बघितलं. लॉक दाबलं की पडद्यावर ठसठशीत पट्टा, अनलॉकला कोरं. मग मल्टीमीटर. दाबल्यावर चांगल्या स्विचचा रोध एका ओहमच्या आत असतो. अनलॉकचा किलोओहममध्ये नाचत होता. भिंगातनं बघितलं तर एका पायाशी हिरवट बुरशीसारखा थर. खानापूरकडच्या पावसात खिशात भिजलेला रिमोट, दुसरं काय होणार? आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या मित्राकडं हॉट एअरवर, म्हणजे गरम हवेनं सोल्डर वितळवून, स्विच काढला. शेजारीच रेझोनेटर, रिमोटची वारंवारता ठरवणारा बारका डबा. त्यावर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली होती, तरी मित्र ओरडलाच, "भावा, हवा कमी कर, डबा उडंल!" मेलेल्या दुसऱ्या रिमोटातला स्विच बसवला. आता एसडीआरवर दोन्ही पट्टे सारखे.

गाडीनं मात्र आधी दाद दिली नाही. टेबलावर दाबून दाबून रिमोटमधला रोलिंग कोडचा, म्हणजे दर दाबाला बदलणाऱ्या कोडचा, काउंटर पुढं गेला होता. कीलॉक या रोलिंग कोडच्या पद्धतीत रिमोट आणि गाडीच्या काउंटरमधला फरक सोळाच्या आत असला तर गाडी लगेच ऐकते. त्यापुढं सलग दोनदा दाबावं लागतं. तसं केलं आणि दार उघडलं. नव्यानं पेअरिंग करायची गरज पडली नाही.

लॉकचा स्विचही आता आठ-दहा ओहम दाखवतोय, तोही बदलणार. खडे बाजारात मिळाला तो अर्धा मिलिमीटर उंच निघाला. तसाच बसवला तर रबर कायम दाबलेलं राहून सेल आठवड्यात बसेल. बरोबर उंचीचा पुण्याहून मागवलाय.