राणीच्या बागेतला हत्ती, शहापुरातल्या ट्रंकेत

रविवार, रात्री

गणपतीची आरास काढायची म्हणून सकाळी माळ्यावर चढलो आणि दुपारपर्यंत उतरलोच नाही. पत्र्याच्या ट्रंकेत आरास नव्हतीच, पणजोबांचे कागद निघाले. जमिनीचे जुने उतारे, सावकाराच्या पावत्या आणि त्यात दबलेलं एक रंगीत कार्ड. "काय हुडकालास रे एवढा वेळ?" आईनं खालून दोनदा विचारलं. मी नुसतंच हं केलं.

कार्डावर इंग्रजीत छापलंय, व्हिक्टोरिया गार्डन्स, बाँबे. म्हणजे आपली भायखळ्याची राणीची बाग. झाडी, वाटेवर छत्री घेतलेली एक बाई आणि मधोमध दगडी हत्ती. रंग चढवणाऱ्याला घाई असावी, गवताचा हिरवा हत्तीच्या पायांवर चढलाय. मागं शिक्का भायखळ्याचा, पण सालावरच शाई पसरलेली.

मग साल काढायचा नाद लागला. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला उचलला आणि क्रेनच मोडली, हत्तीचे तुकडे झाले. विलायतेला जाणं त्याच्या नशिबात नव्हतं. (बरंच झालं.) ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, जोडून हत्ती उभा केला. कार्डावर तो धडधाकट उभा आहे, म्हणजे कार्ड त्यानंतरचं. तिकीट तीन पैचं, पंचम जॉर्जचं, करडं. तीन पै म्हणजे पाव आणा, आणि १८७९ पासूनचा हा पाव आण्याचा दर १९२२ मध्ये अर्धा आणा झाला. झालं, आठ वर्षांच्या खिडकीत सापडलं कार्ड! एवढा आनंद मला स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता.

पाठवणारे पणजोबांचे धाकटे भाऊ. ते गिरणीत होते, बाग तिथून चालत जाण्यासारखी. पत्ता शहापूरचा. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि पलीकडचं बेळगाव मुंबई इलाख्यात. बाजाराला निघालं तरी राज्य बदलायचं, तेव्हा १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगावसकट आम्ही म्हैसूर राज्यात गेलो त्याची सवय आमच्या घराला आधीच असायला हवी होती. ती काही झाली नाही, ते असो.

मजकूर मोडीत. मला त्यातलं 'श्री' सोडून ओ की ठो कळेना. चहाच्या वेळी गल्लीतल्या मास्तरांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कार्ड नाकाशी धरलं आणि बोट फिरवत सावकाश वाचलं. "हत्ती काळ्या दगडाचा आहे. पोरांस सांगणे, चावत नाही. पैका पुढील महिन्यात पाठवितो. म्हैस व्याली की काय ते कळवणे."

"आणि?"

"आणि काय? संपलं की."

मला वाटलं होतं गिरणीचे हाल असतील, मुंबईची नवलाई असेल. पण माणसानं अर्धी जागा कोरी सोडून म्हैस विचारलीय. छापलेलं व्हिक्टोरिया नाव त्यांनी वापरलेलंच नाही, वर नुसतं "राणीचे बागेतून" लिहिलंय. पुढं बागेला जिजामातांचं नाव मिळालं, तरी आमच्याकडची माणसं मुंबईला गेली की अजून राणीच्या बागेतच जातात. आई पाकिटावर अजून बेळगावच लिहिते.

रात्री जेवताना आईला कार्ड दाखवलं. तिनं हत्तीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो चावत नाही म्हणून लहानपणी आम्हाला सांगायचे, पण कुठला ह्यो ते कुणी सांगितलं नाही बघ." ती या घरात लग्न होऊन आली नाही. हे तिचंच माहेर. बाबा घरजावई.

म्हैस व्याली का, ते कुठल्याच कागदात नाही. आरासही अजून सापडलेली नाही.